जुनेराची पारख

आमच्या घरात आलेली पहिली खुर्ची गोल फिरणारी होती. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीतून बाद झालेली, एक हात मोडलेली. माझ्या आतेने ती मालवणच्या बाजारात घेतली, खाडीच्या होडीत चढवली, आणि बाकीची माणसं दाटीवाटीने उभी असताना स्वतः तीवर बसून आमच्या तोंडवलीला उतरली. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. खुर्ची किनाऱ्यावरून घरापर्यंत आणायला चौघेजण लागले. सारवलेल्या जमिनीत तिचे पाय रुतायचे, म्हणून खाली दोन फळ्या टाकल्या. बाबा तीवर बसून जाळं विणायचे. समुद्राकडे बघायचं झालं तर इकडे, माडांकडे बघायचं झालं तर तिकडे, नुसता पायाचा रेटा द्यायचा. आईने पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला होता. आठवड्याने दुपारी घर निजलेलं असताना ती एकटीच खुर्चीवर बसून फिरताना मला दिसली.

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला आणि ती परत आमच्याकडे आली. आमच्या होडीची मासळी पाटीत घालून ती खाडी ओलांडायची आणि चालत मालवणच्या बाजारात जाऊन विकायची. बाकीच्या बायका मासळी खपली की मीठ-मिरची घेऊन घरी फिरायच्या. आते तशी फिरायची नाही. बंदराच्या बाजूच्या एका बोळात जुन्या सामानाचं दुकान होतं, तिथे ती जायची.

हंगामात मुंबईहून आगबोट आली की त्या दुकानात गाठोडी यायची. लढाई संपून आठ-दहा वर्षं झाली होती, तरी मिलिटरीचा माल संपला नव्हता. जाड कांबळी, पाण्याच्या चपट्या बाटल्या, पितळी बटणांचे कोट. शिवाय मुंबईच्या घरांतून निघालेलं काय काय: पडदे, पलंगपोस, तामचिनीची ताटं, एक काटा नसलेली घड्याळं, कान तुटलेल्या किटल्या. दुकानदार हा माल जमिनीवर ढीग करून टाकायचा आणि आपण बाजूला पेपर वाचत बसायचा. गिऱ्हाइकाने हवं ते उपसून काढावं. आतेला ते उपसणं फार आवडायचं. सुट्टीच्या दिवशी ती मला बरोबर न्यायची, आणि मासळीच्या हातांनी कापडाला हात लावायचा नाही म्हणून आधी दोघींचे हात राखेने आणि चिंचेने धुवायची.

तिची एक रीत होती. कापड आधी उजेडासमोर धरायचं. विरलेलं असेल तर तिथे ऊन जास्त दिसतं. मग काखेचा वास घ्यायचा. मग शिवणीच्या आतला कापडाचा पट्टा बघायचा, कारण खरा रंग तिथे लपलेला असतो. भांडं असेल तर बोटाच्या पेराने वाजवायचं. खुर्ची-बाकडं असेल तर सगळा भार टाकून बसायचं आणि दुकानदाराशी गप्पा मारत हळूहळू डुलायचं. जी वस्तू हवी असेल तिच्याकडे मात्र ती शेवटपर्यंत बघायची नाही. दुसऱ्याच तीन वस्तूंवर घासाघीस करून दुकानदाराला दमवायची आणि जाता जाता, जणू आठवण झाली म्हणून, खरी वस्तू उचलायची. दुकानदाराला हे ठाऊक होतं. पण कुठली वस्तू खरी, हे त्याला काही ओळखता येत नसे.

आईला मेलेल्या माणसांच्या कपड्यांची भीती वाटायची. कोण कुठला, कशाने गेला, त्याचा सदरा आपल्या माणसाच्या अंगावर कशाला, असं ती म्हणायची. आते त्यावर शांतपणे सांगायची, "माणूस मेलो तरी कापाड खंय मेला?" आणि आणलेलं सगळं रिठ्याच्या कढत पाण्यात बुडवून तीन दिवस वाळूवर वाळत घालायची. तीन दिवस तोंडवलीचं ऊन खाल्लं की कुणाचंही कापड आमचं होई.

असाच एकदा मोठमोठ्या गुलाबांचा एक पडदा आला. अख्ख्या भिंतीचा असावा, एवढा मोठा. त्यातून मला परकर-पोलका झाला, धाकट्या बहिणीला झगा झाला, आईला चोळी झाली आणि उरलेल्याचे उशीचे अभ्रे झाले. जत्रेला आम्ही तिघी एका रांगेत उभ्या राहिलो, तेव्हा गावातला एक म्हातारा बाबांना म्हणाला की तुझ्या घरची खिडकी देवळात आली आहे. आई त्या जत्रेत पुढचा सगळा वेळ आमच्यापासून दहा हात लांब उभी राहिली.

हे सगळं शिवायचं काम माझ्याकडे होतं. मालवणचा शिंपी जुनं कापड हातात घ्यायला तयार नसायचा. त्याला तो अपमान वाटायचा. मग आतेने मला उसवायला बसवलं. ब्लेडच्या तुकड्याने एकेक टाका तोडायचा, कापड न दुखावता. मिलिटरीचा एक कोट मी अकरा वर्षांची असताना पुरा उसवला. त्याला आठ दिवस लागले. बाही खांद्यात कशी बसते, कॉलरच्या पोटात ताठ कापड कसं असतं, खिसा आधी की अस्तर आधी, हे सगळं मला त्या कोटाने सांगितलं. लोक शिवण शिकतात ते कापण्यापासून. मी शिकले ती उलट्या टोकाकडून. पुढे हातशिलाईने मी बरंच काही जोडू लागले, पण सुईने लांब शिवण घालताना बोटांची चाळण व्हायची आणि टाके एका ओळीत राहायचे नाहीत. आतेच्या मनात मशीन भरलं ते तेव्हापासून. जुन्याच्या दुकानात वर्षाकाठी एखादं मशीन यायचं, पण ते आमच्यासाठी कधी थांबलं नाही.

मी सतरा वर्षांची झाले त्या सुमाराला गोवा मोकळा झाला. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने दोडामार्गहून आतेच्या चुलत बहिणीचा निरोप आला. ती तिथे काजूच्या बागेत कामाला होती. हद्दीपलीकडच्या गोव्यातल्या गावातली काही मोठी घरं पोर्तुगालला निघाली आहेत, घरातलं सामान पडत्या भावाने जातंय, आणि एका घरात हाताने चालवायचं मशीन तिने डोळ्यांनी पाहिलंय, असा तो निरोप होता. आतेने दुसऱ्या दिवशी पाटी भरली. सुके बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, आमसुलं. मला वाटलं, बहिणीला भेट. आते म्हणाली की कुणाच्याही दारात रिकाम्या हाताने गेलं की भाव चढतो.

एस.टी.ने कुडाळ, सावंतवाडी करत आम्ही दोडामार्गला पोचलो, रात्र बहिणीकडे काढली आणि सकाळी चालत निघालो. नाक्यावर पूर्वी म्हणे माणसाची पिशवीन् पिशवी उलटी करायचे. आता तिथे एक शिपाई बाकावर बसला होता. त्याने पाटीत काय आहे विचारलं, सुके बांगडे म्हटल्यावर बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला आणि जा म्हणाला.

ते घर मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. पायऱ्या चढून गेलं की दोन्ही बाजूंना दगडी बाकं असलेली ओसरी. तिथे बशा, पेले, खुर्च्या, आरसे मांडून ठेवले होते आणि आजूबाजूच्या गावांतल्या दहा-बारा बायका-पुरुष ते उचलून बघत होते. एकजण बारा बशांचा भाव सहा बशांच्या किमतीत करत होता. घरची बाई पन्नाशीची असेल, उंच, पांढरा झगा घातलेली. ती कशालाच नाही म्हणत नव्हती. माणूस जे देईल ते घेऊन ती मान हलवायची. नवरा आधीच मुलाकडे लिस्बनला गेला होता, घर आवरायला ती मागे राहिली होती, आणि आठ दिवसांनी तिलाही निघायचं होतं. हे आम्हाला ओसरीवरच कळलं.

मशीन आतल्या खोलीत मेजावर होतं. काळंभोर, अंगावर सोनेरी फुलं काढलेली, बाजूला फिरवायची मूठ. आतेने त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही, त्यावरून मला समजलं की ते तिला फार आवडलंय. तिने एका किटलीचा भाव केला, एका हातपंख्याचा केला, मग मशीनचं विचारलं. बाईने पहिल्यांदा नाही म्हटलं. मशीन विकायचं नव्हतं. गावातल्या शिंप्याला ते द्यायचं कबूल झालं होतं. ट्रंकांना आणि गाद्यांच्या वळकट्यांना जाड कापडाच्या गवसण्या शिवून द्यायच्या आणि त्याबदली मशीन न्यायचं, असा दोघांचा ठराव होता. पण सगळ्याच घरांची बांधाबांध चालली होती आणि शिंपी तीन दिवस फिरकला नव्हता. खोलीच्या कोपऱ्यात जाड कापडाचा तागा तसाच पडून होता.

आते तागा बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या माझा चेडू शिवतला."

मी मशीनला आयुष्यात हात लावला नव्हता. मी तिला मागून चिमटा काढला. तिने वळूनही पाहिलं नाही.

बाईने माझ्याकडे बघितलं. "तुका मशीन चलोवंक येता?"

तिची कोंकणी आणि आमची मालवणी यांत फारसं अंतर नव्हतं, तेव्हा समजलं नाही असं दाखवण्याचीही सोय नव्हती. मी नाही म्हणाले. मला वाटलं, संपलं. बाईने नमुन्याला म्हणून ठेवलेली एक जुनी गवसणी माझ्या हातात दिली आणि अशी करायची आहे म्हणाली. मी ती उलटी केली. इतकी वर्षं उसवण्याची सवय होती, वरून कापड बघायचं मला सुचलंच नाही. कोपऱ्याला दुहेरी शिवण होती, तळाला पट्टी दुमडून घातली होती, ती मी बोटाने चाचपून बघत होते. डोकं वर केलं तर बाई आतेकडे बघत होती.

"ही भितरल्यान पळयता," आतून बघते, असं ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून तिने मला मशीनपुढे बसवलं.

पहिला तासभर माझी शिवण खेकड्यासारखी चालली. मूठ उजव्या हाताने फिरवायची आणि कापड एकट्या डाव्या हाताने पुढे सारायचं, हे दोन हात एकमेकांचं ऐकेनात. बाई माझ्या मागे उभी राहून माझ्या हातावर हात ठेवायची. तिचा हात कोरडा आणि हलका होता. मूठ जोरात फिरवू नको, दळण नाही दळायचं, असं काहीतरी ती सांगायची. जरा जमतंय असं वाटलं तोच जाड कोपऱ्यावर सुई कटकन मोडली. मी हात मांडीवर घेऊन बसले. बाईने खणातून डबी काढली. आत एकच सुई होती. ती बसवताना ती हळू आवाजात म्हणाली की ही मोडली तर माझी पेटी उघडीच जायची. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. त्यानंतर प्रत्येक जाड कोपरा आला की मी मूठ सोडून चाक हाताने एकेक टाका फिरवायचे. ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती. बाईने ती बघितली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. तेव्हापासून मी खोलीत एकटी होते.

स्वयंपाकघरात आतेने पाटी उघडली होती. दुपारी सुक्या सुंगटांची आमटी आणि भात झाला. बाई म्हणाली की चार दिवस तिने धड काही शिजवलं नव्हतं, भांडीच विकली जात होती. आता घरात एक पातेलं आणि तीन ताटं उरली होती. त्या तीन ताटांत आम्ही तिघी जेवलो. लिस्बनला सुंगटं मिळतील का, आमसुलं मिळतील का, हे तिलाही माहीत नव्हतं. आतेने उरलेली सुंगटं तिच्यासाठी उन्हात पुन्हा कडक केली, केळीच्या सुक्या पानांत बांधली, त्यावर मेणकापड, त्यावर आणखी एक कापड. बोटीवर कुणाला वास येणार नाही याची तिने हमी दिली. शेजारच्या माणसाला वास आला तर तो विकत मागेल, तेवढा भाव कर, असंही वर सांगितलं. तेव्हा ती बाई पहिल्यांदा हसली.

रात्री आम्ही तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात गवसण्या झाल्या. पहिलीची शिवण बघवत नव्हती, सातवी बरी होती. सुई शाबूत होती. बाईने पहिली गवसणी सर्वांत लहान पेटीला घातली आणि तिच्यावरून हात फिरवून ठीक आहे म्हणाली. आता शिंप्याला मशीन मिळण्याचं कारण उरलं नव्हतं. पण बाईची एक अट होती. शिलाईच्या बदल्यात अर्धी किंमत वळती, बाकीची अर्धी रोख. तिने किंमत सांगितली. ती जास्त होती. मला माहीत होतं, आता आते बाकावर मांडी घालून बसेल आणि संध्याकाळपर्यंत उठणार नाही.

आतेने एकदा थोडं कमी करून मागितलं. बाईने मान हलवली. आतेने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि सांगितली ती किंमत मोजून दिली. मी बघतच राहिले. जी आते तुटक्या किटलीसाठी दुकानदाराला तासभर पेपर वाचू द्यायची नाही, ती इथे दोन वाक्यांत संपली. मला वाटलं, गोव्याच्या हवेने हिचं काहीतरी बिघडलं.

परत येताना मशीन पाटीत होतं, त्याच्यावर फडका, आणि पाटी आळीपाळीने दोघींच्या डोक्यावर. अर्ध्या वाटेवर एका फणसाखाली टेकलो तेव्हा मी विचारलं, भाव का केला नाहीस. आते पदराने वारा घेत होती.

"सगळ्यांनी तिचा सामान पडत्या भावान उचलला," ती म्हणाली. "एक तरी वस्तू बऱ्या भावान गेली, असा तिका वाटूक व्हया."

मग ती उठली, चुंबळ नीट केली आणि पाटी आता तुझ्या डोक्यावर म्हणाली.

एस.टी.च्या कंडक्टरने पाटीत काय आहे ते विचारलं. आते बांगडे म्हणाली, आणि वासावरून ते कुणालाही पटण्यासारखं होतं. त्याने पाटी मागच्या सीटखाली ढकलली. सामानाचं वेगळं तिकीट पडलं नाही, याचा आनंद तिला मालवणपर्यंत पुरला. मशीनला मात्र पुढचा महिनाभर बांगड्यांचा वास येत होता. मी पहिला ब्लाऊज शिवला तो शेजारणीचा. तो घालून ती लग्नाला गेली, तर पंगतीत तिच्याभोवती मांजर घोटाळत राहिलं. शिवाय डावी बाही उजवीकडे लागली होती. तिने दोन्ही गोष्टी मला हसून सांगितल्या, पण पुढचा ब्लाऊज द्यायला सहा महिने लावले.

हळूहळू हात बसला. मुंबईला गिरणीत असलेली माणसं गणपतीला आली की आपले आणि साहेबांचे जुने कपडे गावी आणून टाकायची. ढगळ पँटी, लांब बाह्यांचे सदरे. ते मी बेताचे करून द्यायला लागले. एका पँटीत शाळेच्या दोन चड्ड्या बसतात, सदऱ्याची पाठ फाटत नाही म्हणून तिचं झबलं होतं, हे मला कापडाकडे बघूनच दिसायचं. लोक ओसरीवर येऊन बसायचे. फिरत्या खुर्चीवर बसायला मिळतं म्हणून पोरं आईबरोबर कपड्याचं माप द्यायला आनंदाने यायची. बाबांना जाळं विणायला आता बाहेर माडाखाली जावं लागायचं. मालवणच्या शिंप्यानेही एकदा एक कोट उसवायला पाठवला. त्याने स्वतः येऊन तो परत नेला आणि उसवलेला एकेक भाग उलटा करून बघितला. पुढच्या महिन्यात त्याच्याकडून आणखी दोन कोट आले.

पहिल्या वर्षाच्या शिलाईतून थोडे पैसे मागे पडले. मी मालवणला जाऊन आतेसाठी कोरं लुगडं घेतलं. हिरवं, लाल काठांचं, घडीवर गिरणीचा छाप असलेलं. तिला असं लुगडं कुणी कधी दिलं नव्हतं, निदान मी बघितलं नव्हतं. ती ओसरीवर बसली होती. तिने लुगडं मांडीवर घेतलं, काठ बघितले, छापावरून बोट फिरवलं. डोळे भरले होते हे मला दिसलं आणि मी आत गेले.

चार दिवस झाले तरी लुगडं नेसलेलं दिसेना. आईने विचारलं तर म्हणाली की नवं कापड अंगाला टोचतं. आठवड्याने पाहते तर हिरवं लुगडं शेजारणीच्या अंगावर. मी तिला विचारायला गेले तेव्हा ती बिचारी गोंधळून गेली. तुझ्या आतेनेच दिलं, महिनाभर नेसून मऊ करून दे म्हणाली, असं तिने सांगितलं. मला हसावं की रडावं कळेना. त्या महिन्यात ती शेजारीण माझ्यासमोरून जाताना पदर नीट सावरून जायची.

महिन्याने लुगडं धुऊन परत आलं. दुसऱ्या दिवशी आते ते नेसून मासळी विकायला गेली. बाजारातल्या बायकांनी विचारलं, एवढं सुरेख लुगडं कुठून आणलंस. तिने सांगितलं की जुनं आहे, एका बाईने वापरलेलं, पण पोत बघा. दोन बायका पाट्या तिथेच ठेवून बंदराच्या बोळातल्या दुकानाकडे निघाल्या. संध्याकाळी ती हे सगळं आम्हाला सांगत होती, आणि सांगताना चुलीपाशी बसली तरी पदर धुरापासून लांब धरून होती.